गोजरबाईचे हाली रुपये

वाकळीची पहिली शिवण उसवली, नोटांची चळत बाहेर आली आणि मच्छिंद्र आधी हसला. हसणारच की! दहा वर्षं समुद्रापलीकडं बहरीनला तेलाच्या कारखान्यात फिटरचं काम केलेला गडी एकदाचा कायमचा घरी आलेला. चैत्रातली सकाळ, दाराला आतून कडी, आणि समोर बायको दातानं दोरा तोडून अंथरुणातून पैसा काढतेय. हे बघून कोण हसणार नाही?

"अगं, रजेत आल्तो तवा ह्याच वाकळीवर निजलो व्हतो की मी!" तो म्हणाला.

"मंग? टोचलं का काही पाठीला?" गोजरबाईनं मान वर न करता विचारलं. तिचा हात चालूच होता. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली जाडजूड वाकळ, आणि थराथरात पसरून टाके घातलेल्या नोटा. ही वाकळ तिनं इतक्या वर्षांत कधी नदीवर नेली नव्हती. शेजारणी नाक मुरडायच्या, गोजरचं अंथरूण लांबूनच कळतं म्हणायच्या. ती म्हणायची, येऊ द्या वास, तुमच्या नाकाला माझ्या घराकडं कुणी बोलावलंय?

मच्छिंद्रनं एक नोट उचलली. चोळली. दाराच्या फटीतून ऊन येत होतं तिथं धरली. मग दुसरी उचलली. हसू तोंडावर होतं ते तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"हे काय हाय?"

"पैसं हायेत. दुसरं काय असतंय?"

"कुठले?"

"आपले. हाली."

"सगळे?"

गोजरबाईनं आता मान वर केली. तिचा चेहरा असा फुललेला होता की बस्स. दहा वर्षं ही घटका डोळ्यांपुढं धरून जगलेली बाई ती. "एक बी कलदार न्हाई त्यात," ती म्हणाली. "तुमच्या छत्तीसशाचे बेचाळीसशे करून ठिवलेत मी. मोजा."

मच्छिंद्र खाली बसला. "अगं," तो म्हणाला, आणि हातातली नोट भुईवर ठेवली.

आता ज्यांनी निजामाचं राज्य बघितलं नाही त्यांना हे सांगावंच लागेल. आपल्या मराठवाड्यात तेव्हा रुपये दोन होते. निजामाचा तो हाली, आणि बाकीच्या हिंदुस्थानात चालायचा तो कलदार. सहा कलदार दिले की सात हाली मिळायचे. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पण त्याचा रुपया काही एका दिवसात गेला नाही. तीन-चार वर्षं दोन्ही रुपये एका बाजारात नांदले, दोन सवती एका घरात नांदाव्यात तसे. मग सरकारनं कलदारच ठेवला, हालीला घरोघरच्या पेट्यांतून बाहेर बोलावलं, बदलून द्यायला मुदतीवर मुदत दिली, आणि शेवटी एकदा सांगितलं की बास, आता हा कागद आहे. त्यालाही वर्ष होऊन गेलं होतं.

मच्छिंद्र परतूरच्या जिनात फिटर होता. जिन म्हणजे सरकी काढायचा कारखाना. हंगाम संपला की त्याला टाळं आणि फिटरच्या हाताला काम नाही. पन्नास साली मुंबईचा एक एजंट माणसं गोळा करत होता. बहरीनला मशीनवरचे लोक पाहिजेत म्हणाला. मच्छिंद्रनं हो म्हटलं. लिंबखेड्यापासून परतूर स्टेशन अडीच कोस. बैलगाडीत नवरा-बायको आणि मांडीवर दीड वर्षाची उषा, एवढीच माणसं. त्या अडीच कोसांत त्यांनी जो बेत केला तो पुढं दहा वर्षं पाळला.

बेत असा. तीन वर्षांचा करार. महिन्याला शंभर कलदार यायचे. पहिल्या तीन वर्षांचा पैसा इंजिनाचा. त्यातला छदामही खायचा नाही. खायला शेताचा तुकडा आहे आणि गोजरबाईचे हात आहेत. दुसऱ्या करारात येईल ते घराचं, पोरीचं, थोरल्या भावाच्या नडीअडचणीचं. तिसऱ्या करारातलं जाण्यायेण्याचं आणि बांधकामाचं. मग लिंबखेड्यात ऑइल इंजिनवर चालणारी पिठाची गिरणी टाकायची आणि मच्छिंद्रनं पुन्हा आगबोटीचं तोंड बघायचं नाही. आसपासच्या पाच गावांत गिरणी नव्हती. बायका पहाटे उठून जात्याला झोंबायच्या. गोजरबाईच्या तळव्याला घट्टे पडलेले. गिरणी म्हणजे तिला दोन गोष्टी होत्या: नवरा घरात आणि जातं कोपऱ्यात.

"पैसा कुठं ठिवशील ते मला सांगू नको," मच्छिंद्र तेव्हा म्हणाला होता. "दादानं डोळ्यात पाणी आणलं की मी बोलून बसतो. तुला ठावं हाय."

ठावं होतंच. मच्छिंद्रचा थोरला भाऊ रामराव असा की त्याच्या डोळ्यांत पाणी गरजेप्रमाणे यायचं.

मनीऑर्डर गावात आली असती तर पोस्टमन वेशीत शिरायच्या आधी गावाला कळलं असतं. म्हणून ती परतूरला बद्रीनारायण शेठच्या दुकानावर यायची. शेठ कापसाचे आडते. मच्छिंद्रनं त्यांची मशीन कितीदा उघडून जोडून दिलेली. बाजारच्या दिवशी गोजरबाई जायची आणि म्हणायची, "शेठजी, मला हाली द्या." शेठ सहाचे सात मोजून द्यायचे. चांदीची नाणी नको म्हणायची, नोटाच मागायची. रझाकारीच्या धामधुमीत तिनं लोकांची घरं खणलेली बघितली होती. चांदी वाजते आणि चांदी जमिनीत पुरावी लागते. आणि पुरलेलं शोधायला लुटारूला दहा मिनिटं पुरतात. वाकळीकडं कोण बघतंय?

तर ही सगळी अक्कल. आणि ही अक्कल आता भुईवर पसरलेली, आणि तिच्यापुढं नवरा डोक्याला हात लावून बसलेला.

"चालत न्हाईत ह्या," शेवटी तो म्हणाला. "बंद झाल्या."

"बाजारात बंद झाल्या. मला काय ते ठाव न्हाई व्हय?" गोजरबाई म्हणाली. "पण सरकारनं छापलेल्या हायेत. सरकार बदलून देतंय की कवा बी. सरकार काय पळून जातंय?"

तिच्या आवाजात अजून काही फरक नव्हता. मच्छिंद्र तिच्याकडं बघतच राहिला. ह्या बाईला काय सांगावं, आणि कोणत्या तोंडानं सांगावं?

नोटा पिशवीत भरून दोघं परतूरला गेले. बद्रीनारायण शेठ गादीवर बसलेले. त्यांनी पिशवीत डोकावलं आणि ताडकन उभेच राहिले. साठीचा, पोट सुटलेला माणूस; असं उभं राहिलेलं त्यांना दुकानातल्या गड्यांनीही कधी बघितलं नव्हतं.

"अरे राम राम राम! गोजरबाई, ये क्या किया आपने?" घाबरले की शेठ हिंदीत जायचे. "मैंने पूछा था ना? मच्छिंद्र, मी विचारलं होतं हिला! एकदा नाही, दोनदा. म्हटलं, घरात हाली असतील तर आणून द्या, मुदत संपून राह्यली, मी स्वतः खजिन्यात भरून कलदार आणून देतो. एक पैसा घेणार नव्हतो. ह्या म्हणाल्या, शेठजी, त्या सगळ्या पैशांची ज्वारी घेऊन खाल्ली की, आमच्याकडं कुठून आले हाली?"

मच्छिंद्रनं बायकोकडं बघितलं. तिनं पदर तोंडाशी धरलेला.

"खरं हाय?"

"व्हय," ती म्हणाली.

एवढंच. मच्छिंद्रला वाटलं होतं, अडाणी बाई, कुणी सांगितलं नसेल, कळलं नसेल. आता हे काय नवीनच! पण शेठच्या दुकानात बायकोला बोलायचं नाही एवढी शुद्ध त्याला होती. शेठ म्हणाले, जालन्याला बँकेत जाऊन बघा, साहेब लोकांच्या हातात काही असेल तर असेल. म्हणाले खरं, पण बोलताना त्यांनी दोघांपैकी कुणाकडंच बघितलं नाही.

मग जालना. इंजिनही जालन्यातच होतं. हुकमचंद नावाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात ते जुनं, पण चांगल्या अवस्थेतलं इंजिन मच्छिंद्रनं घरी येतानाच बघितलं होतं. हात लावून, चाक फिरवून, कानानं ऐकून पसंत केलं होतं आणि इसार म्हणून दोनशे रुपये देऊन ठेवले होते. अक्षय्य तृतीयेच्या आत बाकीची रक्कम द्यायची, नाहीतर इसार बुडाला. बँकेकडं जाताना ते गोदाम वाटेत लागलं. मच्छिंद्रनं मान दुसरीकडं वळवली. गोजरबाईनं मात्र उघड्या दारातून आत बघून घेतलं. हिरवा रंग दिलेलं, दोन मोठ्या चाकांचं. "त्योच का?" तिनं विचारलं. तो तसाच पुढं चालत राहिला.

बँकेतला कारकून तरुण होता आणि वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण असल्या गोष्टीत कुणीतरी खेकसणारा पाहिजे असं ऐकणाऱ्याला वाटतं. ह्यानं दोघांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, नोटा आत नेऊन मोठ्या साहेबाला दाखवल्या, आणि जशाच्या तशा परत आणल्या.

"मुदत संपलेली आहे, बाई. आता काहीच होत नाही."

"किती कापून घेता?" गोजरबाईनं विचारलं. "सातचे सहा नगं. पाच द्या. चार द्या."

"एकही देता येत नाही."

"एक बी न्हाई?"

"नाही, बाई. सरकारनं कितीदा सांगितलं. गावोगाव दवंड्या दिल्या. तुमच्या गावात दवंडी आली नव्हती का?"

"आल्ती की," गोजरबाई म्हणाली. "दोनदा आल्ती. मी वेशीतच व्हते."

कारकुनानं पिशवी हळूच पुढं सरकवली. मच्छिंद्र बाकावरून उठला आणि बाहेर जाऊन रस्त्यात उभा राहिला. ऊन मी म्हणत होतं, सावली चार पावलांवर होती, पण तो उन्हातच उभा राहिला.

तिथंही नशिबानं पुरतं सोडलं नाही. सराफ्यात एकजण जुनी चांदी घेतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून दोघं तिकडं गेले. दुकानात एक म्हातारा हाली नाणी घेऊन आलेला. सराफ ती तराजूत टाकून वजनानं पैसे देत होता. रोख कलदार! म्हातारा मोजून घेऊन गेलासुद्धा. मच्छिंद्रनं नोटा पुढं केल्या. सराफानं त्या बोटानं बाजूला सरकवल्या.

"नाणी आणायची, भाऊ. रुपया मेला तरी चांदी जित्ती राहते. कागदाचं मी काय तोलू?"

नाण्याला नको म्हणणारी, नोटा मागून घेणारी बाई तिथंच उंबऱ्याशी उभी होती. त्या क्षणापर्यंत, खोटं कशाला सांगू, तिच्या मनात कुठंतरी एक आशा लोंबकळत होती की हे साहेब लोक घासाघीस करून राह्यलेत, शेवटी काहीतरी देतील. ती आशा त्या दुकानात तुटली. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तसं काही झालं नाही. जमीन होती तिथंच होती, फक्त तिला पाऊल उचलता येईना. मच्छिंद्रनं दंडाला धरून तिला स्टेशनात आणलं.

परतीच्या गाडीत मच्छिंद्रनं विचारलं. ओरडून नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"दवंडी ऐकली. शेटनं दोनदा विचारलं. मंग न्हाई काहून म्हणालीस?"

गोजरबाईनं खिडकीचा गज धरला. मग बोलली ती एकदम बोलत सुटली.

"माझा बाप काहून मेला, ठावं हाय तुमाला? निजामाची लेव्ही आल्ती, सक्तीनं धान्य न्यायची. सरकारी माणूस दारात आला, म्हणाला, पेवात किती ज्वारी हाय, खरं सांगा, बराबर भाव देऊ. माझ्या बापानं खरं सांगितलं. गावात त्या एकट्यानं खरं सांगितलं! पेव रिकामं करून नेलं. आमी बियाणं खाल्लं, मंग कोंडा खाल्ला. शेजारच्यांनी न्हाई म्हणलं, त्यांची पेवं भरलेली ऱ्हायली. बाप खचला त्याच्यात. माय म्हणाली, पोरी, कानाला खडा लाव. सरकारनं विचारलं की न्हाई म्हणायचं. सावकारानं विचारलं की न्हाई म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दवंडीवाला वेशीत वरडला, ज्यांच्याकडं नोटा असतील त्यांनी आणून द्या. आणून द्या! मला वाटलं, आली लेव्ही. या बारीला पैशाची आली. मी सगळ्यांच्या पुढं म्हणाले, आमा गरिबाकडं कुठल्या नोटा बाई. समद्या बाया तेच म्हणल्या."

"बायांनी म्हणलं तसं," मच्छिंद्र म्हणाला, "अन् दुसऱ्या दिशी नवऱ्याच्या हाती गुपचूप धाडल्या असतील खजिन्यात."

हे गोजरबाईच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिनं त्याच्याकडं वळून बघितलं. बायका न्हाई म्हणाल्या, आणि घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तिनं कुणाला सांगायचं होतं? दीर रामराव! त्यापेक्षा पैसा चुलीत घातलेला बरा. नवऱ्याला पत्र लिहायचं तर ते मास्तराकडून लिहून घ्यायचं. मास्तराला सांगणं म्हणजे गावजेवण घालण्यासारखंच.

"तुमाला लिहिणार कशी व्हते मी?" ती म्हणाली. "तुमीच म्हणला, मला सांगू नको."

"म्हणालो व्हतो," मच्छिंद्र म्हणाला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "तिकडं बी गेल्या साली नोटा बदलल्या. आपलीच नोट तिथं चालायची, ती बंद करून तिथल्यासाठी तांबडी नोट काढली. म्या पहिल्याच दिशी रांगेत हुबा राहून बदलून घेतल्या. एक नोट वाया जाऊ दिली न्हाई. बरोबरच्या पोरांना हाताला धरून नेलं, म्हणलं, चला रे जल्दी, नंतर रडाल." त्यानं तोंड फिरवलं. गाडीत माणसं होती म्हणून. नाहीतर तो हमसून रडला असता.

घरी आल्यावर मात्र भडका उडाला. त्यानं ती उसवलेली वाकळ उचलून अंगणात भिरकावली, पाण्याचा हंडा लाथेनं उडवला आणि तोंडाला येईल ते बोलला. अडाणी ती अडाणीच म्हणाला. दहा वर्षं उन्हात भाजलो ते ह्या चिंध्यांसाठी का म्हणाला. उषा घाबरून शेजारी पळाली. गोजरबाई भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग त्यानं बोलणंच सोडलं. तीन दिवस अवाक्षर नाही. ताट पुढं आलं की जेवायचा आणि ओसरीवर जाऊन बसायचा. ती मनात म्हणायची, अरे बाबा, पुन्हा बोल, शिव्या दे, हात उचल, पण असा दगड होऊन बसू नकोस.

बद्रीनारायण शेठनं निरोप धाडला की व्याजानं रक्कम देतो, गिरणी टाक. मच्छिंद्रनं नाही म्हटलं. रामरावानं काढलेल्या कर्जाची व्याजं भरता भरताच त्याचा दुसरा करार संपला होता. त्या वाटेला तो पुन्हा जाणार नव्हता. अक्षय्य तृतीया आली आणि गेली. इसार बुडाला. हिरवं इंजिन सेलूचा कोणी माणूस घेऊन गेला असं कळलं.

गावात कुजबुज सुरू झालीच होती. बहरीनवाला गिरणी टाकणार होता, तिचं काय झालं? मारुतीच्या पारावर एका संध्याकाळी रामरावानं सगळ्यांदेखत विषय काढला. हळहळण्याचा आव आणून म्हणाला, "अरे मच्छिंद्रा, धा वर्षांची कमाई, माणसानं विचारलं तर सांगावं. बाईमाणसाच्या हाती कारभार दिला की असंच व्हतंय. कुठं गेला रं पैसा?" बोलताना त्याची नजर विहिरीकडं होती, तिथं गोजरबाई पाणी भरत होती. त्याला वास लागला होता.

गोजरबाईच्या हातातला दोर थांबला. आता सगळं उघडं पडणार. उद्यापासून गावातलं शेंबडं पोरसुद्धा तिला हाली म्हणून हाक मारणार.

"बाईमाणसाचा काय संबंध?" मच्छिंद्र पारावरून म्हणाला. चांगल्या खणखणीत आवाजात. "म्याच उडवला. पत्त्याचा नाद लागल्ता तिकडं. हारलो."

रामरावाचं तोंड उघडं ते उघडंच. आणि विहिरीवर गोजरबाई अशी दगडासारखी झाली की बादली पाण्यात पडून बुडाली तरी तिला कळलं नाही. जो माणूस सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही त्यानं चार माणसांत स्वतःला जुगारी म्हणून घेतलं! बायकोची लाज राखली की बायकोनं बुडवलं असं सांगायची स्वतःला लाज वाटली, हे देवच जाणे. तिला दोन्ही वाटलं. रात्री तिनं विचारलंही नाही. कसं विचारणार? त्यानं तिच्यावर उपकार केला होता आणि तो उपकार तिच्या छातीवर जात्यासारखा बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मुंबईच्या एजंटाला कार्ड टाकलंय. माझी जागा अजून रिकामी हाय."

"किती वर्सं?"

"तीन."

तिनं मोजलं. उषा अकराची होती, ती चौदाची होईल. हा चाळिशीला टेकला होता, त्याचे दोन दात गेले होते आणि उकिडवं बसलं की गुडघ्याला हात लावून उठायचा. त्याच्या तीन वर्षांचे तीन उन्हाळे ती मोजत राहिली. ज्या एका गोष्टीसाठी तिनं हौसेचं लुगडं घेतलं नाही, सणाला गोड केलं नाही, दुनियेशी खोटं बोलली, ती गोष्ट एवढीच होती की हा माणूस पुन्हा जाऊ नये. आणि हा माणूस जाणार होता तो तिच्यामुळं.

जायच्या दिवशी पुन्हा बैलगाडी, पुन्हा अडीच कोस. ह्या बारीला दोघंही बोलत नव्हते. स्टेशनात गाडीला उशीर होता. पत्र्याची पेटी मध्ये ठेवून दोघं बाकावर बसले. गोजरबाईच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, ती तिनं शेवटी विचारली.

"आता पैसे कुणाच्या नावावर धाडणार? भावजींच्या का शेटजींच्या? कुणाच्या बी नावावर धाडा. मला बिलकुल राग न्हाई. मी माझं मजुरी करून भागवीन."

"तुझ्या," मच्छिंद्र म्हणाला.

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कुणाच्या?"

"तुझ्याच. अजून कुणाच्या?"

"आवं, डोकं फिरलं का तुमचं?" ती ओरडलीच. फलाटावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "बेचाळीसशे रुपये बुडवले की मी! तुमची धा वर्सं बुडवली! पुन्हा माझ्याच हातात देता? काही तर बोला मला. शिवी तर द्या!"

गाडी आली. मच्छिंद्रनं पेटी डब्यात टाकली, स्वतः चढला आणि दारात उभा राहिला. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तो हसला. दोन दात नसलेलं, थकलेलं, पण खरंखुरं हसू.

"अगं, तुझ्यासारखं राखणारं दुसरं कोण हाय मला?" तो म्हणाला. "चोराला सापडलं न्हाई. दादाला सापडलं न्हाई. एवढं मोठं सरकार, दवंड्या देऊन दमलं, त्याला बी सापडलं न्हाई!"

गोजरबाईला हसू फुटलं. आवरता आवरेना असं हसू आलं, ती पदर तोंडात कोंबून गदागदा हसली, आणि हसता हसताच तिच्या तोंडून असा हंबरडा निघाला की फलाटावरची एक बाई धावत आली. गाडी हलली होती. मच्छिंद्र दारातून हात करत होता, आणि तिला हात वर करता येत नव्हता.

"उगी, बाई, उगी," ती परकी बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "नवरा कामाला चालला की वाईट वाटतंच. येतील परत."